डिटेक्टर शाबूत, साखळी तुटलेली: फुकुशिमा दाईइचीतल्या किरणोत्सर्ग मापनाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण कशाचं आहे

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर जपानच्या फुकुशिमा दाईइची अणुवीज केंद्रात काय झालं, याची ढोबळ गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. समुद्राचं पाणी आत शिरलं, वीज गेली, तीन अणुभट्ट्यांमधलं इंधन वितळलं, इमारतींमध्ये स्फोट झाले. या लेखात त्यातला एकच धागा धरला आहे, तो म्हणजे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या उपकरणांचा. ती केव्हा आणि का बंद पडली, त्यांच्याविना कोणते निर्णय घ्यावे लागले आणि जी चालू राहिली त्यांच्यावर माणसांनी भरवसा ठेवला का, एवढंच इथे पाहायचं आहे.

उपकरणांची विश्वासार्हता म्हटली की बहुतेकांच्या मनात डिटेक्टर, म्हणजे किरणोत्सर्ग टिपणारा भाग, आणि त्याचा कॅलिब्रेशनचा, म्हणजे अचूकता तपासल्याचा, दाखला येतो. फुकुशिमात बऱ्याच ठिकाणी डिटेक्टरने दगा दिलाच नाही. वीज, केबल, संदेशवहन, मोजण्याची कमाल मर्यादा, नाही तर आकडा वाचणाऱ्याचा विश्वास, यांतली एखादी कडी तुटली आणि चांगला डिटेक्टर निरुपयोगी ठरला. माझ्या मते या प्रकरणातून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे. कर्मचाऱ्यांची नावं मी कुठेही घेतलेली नाहीत. हुद्दा आणि प्रसंग पुरेसे आहेत.

आकडे वाचताना एक मोजपट्टी हाताशी असू द्या. सिव्हर्ट हे शरीराला मिळालेल्या किरणोत्सर्गाचं, म्हणजे डोसचं, एकक. सामान्य नागरिकासाठी, नैसर्गिक आणि वैद्यकीय किरणोत्सर्ग वगळून, वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा मानली जाते. १ मिलिसिव्हर्ट म्हणजे १,००० मायक्रोसिव्हर्ट.

पार्श्वभूमी

केंद्रात सहा अणुभट्ट्या होत्या. भूकंपाच्या वेळी पहिल्या तीन चालू होत्या, उरलेल्या तीन देखभालीसाठी बंद होत्या. दुपारी २.४६ ला भूकंप झाला, भट्ट्या आपोआप बंद झाल्या, बाहेरची वीज गेली आणि डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. साधारण पाऊण तासाने त्सुनामी आली. तेरा डिझेल जनरेटरपैकी एकच चालू राहिला, तोही सहाव्या भट्टीचा. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या भट्टीच्या बॅटऱ्यांची वीजही पाण्याखाली गेली.

अशा केंद्रात किरणोत्सर्ग बऱ्याच जागी मोजला जातो. भट्टीच्या कवचाच्या आत मोठ्या क्षमतेचे मापक असतात. इंधन फुटलं की त्यांचे आकडे चढतात. बाहेर जाणारी हवा मोजणारे मापक चिमणीवर असतात. हद्दीवर आठ मॉनिटरिंग पोस्ट होत्या. अशा चौकीत साधारणपणे कमी पातळीसाठी सोडियम आयोडाइडचा सिंटिलेशन डिटेक्टर आणि जास्त पातळीसाठी आयनीकरण कक्ष अशी जोडी असते, म्हणजे एकाची मर्यादा संपली की दुसरा पुढे मोजतो. हद्दीबाहेर फुकुशिमा प्रांताच्या प्रशासनाच्या २४ चौक्या होत्या. शिवाय प्रत्येक कामगाराच्या छातीवर त्याला मिळणारा डोस मोजणारा आणि गजर वाजवणारा डोसिमीटर असे, आणि शरीराच्या आत गेलेला किरणोत्सर्ग मोजायला होल बॉडी काउंटर होते.

कागदावर पाहिलं तर ही भक्कम व्यवस्था आहे. थर पुष्कळ आहेत आणि एक चुकला तर दुसरा सांगेल अशी रचना आहे. पण या थरांचं मूळ एकाच ठिकाणी होतं, केंद्राच्या विजेत आणि त्याच परिसरातून जाणाऱ्या तारांत.

काय बंद पडलं

हद्दीवरच्या आठही चौक्या बंद पडल्या. नोंदलेलं कारण एकच, वीज गेली. चिमणीवरचे मापकही बंद झाले, म्हणजे किती किरणोत्सर्ग बाहेर जातो आहे हे मोजण्याचा थेट मार्ग संपला. केंद्रातून सरकारी आपत्कालीन यंत्रणेकडे आपोआप जाणारी माहितीही थांबली. ही कडी तुटल्याचा परिणाम फार लांबवर गेला. वारा किरणोत्सर्गी ढग कुठे नेईल याचा हिशेब करणारी जपानची संगणक प्रणाली, स्पीडी, चालू होती. पण किती बाहेर पडतंय हा आकडाच तिला मिळत नव्हता. शेवटी तासाला एक बेकेरेल (किरणोत्सर्गी पदार्थ मोजण्याचं एकक) असा काल्पनिक आकडा भरून ती चालवावी लागली. दिशा कळत होती, मात्रा कळत नव्हती.

प्रांताच्या २४ चौक्यांपैकी २३ चौक्यांचे आकडे मिळेनासे झाले. किनाऱ्याजवळच्या काही लाटेने वाहून गेल्या, बाकीच्यांचं संदेशवहन आणि वीज तुटली.

डोसिमीटरचं नुकसान सगळ्यात कमी चर्चिलं गेलं, आणि माणसांच्या दृष्टीने मला तेच सगळ्यात गंभीर वाटतं. जवळपास ५,००० डोसिमीटर पाण्यात निकामी झाले. वापरण्याजोगे साधारण ३२० उरले.

पहिला निर्णय: दोन आकडे आणि एक दरवाजा

११ मार्चच्या रात्री पहिल्या भट्टीच्या नियंत्रण कक्षात अंधार होता. कर्मचाऱ्यांनी आवारातल्या गाड्यांमधल्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि मापकांच्या मागच्या तारांना जोडल्या. रात्री ९.१९ ला पाण्याच्या पातळीचा मापक जिवंत झाला. त्याने सांगितलं, पाणी इंधनाच्या वरच्या टोकापेक्षा २०० मिलिमीटर वर आहे. दिलासा वाटावा असाच आकडा होता.

अर्ध्या तासाने, ९.५१ ला, रिअ‍ॅक्टर इमारतीत किरणोत्सर्ग वाढल्यामुळे तिथे जायला मनाई करण्यात आली. ११ वाजता टर्बाइन इमारतीच्या बाजूने, रिअ‍ॅक्टर इमारतीच्या दुहेरी दरवाजासमोर मोजणी झाली. उत्तरेकडच्या दरवाजाशी तासाला १.२ मिलिसिव्हर्ट, दक्षिणेकडच्या दरवाजाशी ०.५. दरवाजे बंद होते, आणि तरीही बाहेर हा आकडा येत होता.

आता दोन उपकरणं दोन गोष्टी सांगत होती. भिंतीवरचा मापक म्हणतो इंधन पाण्यात आहे. दरवाजासमोर धरलेलं मीटर म्हणतं, आत काही तरी फार बिघडलं आहे.

पातळीचा मापक चुकत होता, पण त्याचा डायल तुटला नव्हता. या प्रकारच्या मापकात संदर्भासाठी पाण्याने भरलेली एक नळी असते आणि तिच्यातल्या पाण्याच्या दाबाशी तुलना करून भट्टीतली पातळी काढली जाते. कवचातली उष्णता वाढली आणि नळीतलं पाणी वाफ होऊन गेलं की तुलनेचा पायाच ढासळतो. मग खरी पातळी खाली असताना मापक वरची दाखवतो. मे २०११ मध्ये मापक पुन्हा जुळवल्यावर हे उघड झालं. तोवर कळून चुकलं होतं, की त्या रात्री इंधन उघडं पडलेलं होतं.

पर्याय काय होते? पातळीचा आकडा मुख्य मानून पुढे जायचं, दोन्ही आकडे संशयित मानायचे, किंवा किरणोत्सर्गाचा आकडा खरा मानून पातळीच्या मापकावर फुली मारायची. माणसांना आत पाठवायचं नाही, हा निर्णय किरणोत्सर्गाच्या आकड्यावरून लगेच आणि योग्य झाला. भट्टीच्या स्थितीबद्दलचं आकलन मात्र पातळीच्या मापकाकडे झुकलेलं राहिलं. वेगळं काय करता आलं असतं याचं माझं उत्तर असं: दोन आकडे भांडले तर कुठलं उपकरण आपल्या कामाच्या अटींबाहेर गेलं आहे, हा पहिला प्रश्न विचारायचा. दरवाजाबाहेरचं मीटर नेहमीच्या हवेत, नेहमीच्या तापमानात, माणसाच्या हातात होतं. पातळीचा मापक ज्या परिस्थितीसाठी बनवला नव्हता त्या परिस्थितीत होता. हा प्रश्न विचारायला वीज लागत नाही. पण तो आधीपासून कार्यपद्धतीत लिहून ठेवलेला असावा लागतो, कारण अंधारात आणि घाईत नवा विचार सुचत नाही.

हद्दीवर: गाडी, माणूस आणि वही

आठ चौक्या बंद पडल्यावर हद्दीवरचं मोजमाप कसं चालू ठेवायचं? प्रत्येक चौकीला छोटा जनरेटर नेणं तत्त्वतः शक्य होतं, पण रस्ते खचलेले, माणसं कमी, आणि आधी भट्टीला पाणी आणि वीज देणं भाग. हातातली मीटर घेऊन माणसं उभी करणं म्हणजे त्यांना डोस देणं. उरला मॉनिटरिंग कारचा मार्ग, आणि तोच निवडला गेला. गाडी मुख्य प्रवेशद्वाराजवळ, कधी चौथ्या चौकीजवळ उभी राहायची आणि आकडे हाताने नोंदवले जायचे: जागा, वेळ, डोस दर, वाऱ्याची दिशा, वाऱ्याचा वेग.

या साध्या तक्त्यांनीच अपघाताचा हद्दीवरचा इतिहास वाचवला. १२ मार्चला पहाटे ४ च्या सुमारास मुख्य प्रवेशद्वारापाशी तासाला ०.०७ मायक्रोसिव्हर्टच्या आसपास होतं, म्हणजे नेहमीचंच. अर्ध्या तासाच्या आत ते ०.५९ वर गेलं. कुठलाही स्फोट व्हायच्या अकरा तास आधीची ही पहिली खूण होती. दुपारी ३.२९ ला चौथ्या चौकीजवळ १,०१५ मायक्रोसिव्हर्ट नोंदले गेले आणि सात मिनिटांनी पहिल्या भट्टीच्या इमारतीत स्फोट झाला. १५ मार्चला सकाळी ९ वाजता मुख्य प्रवेशद्वारावर ११,९३० मायक्रोसिव्हर्ट, जवळपास १२ मिलिसिव्हर्ट, असा आकडा लिहिला गेला.

गाडी निवडण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. त्याची किंमतही दिसली पाहिजे. गाडी एका वेळी एकाच जागी असते आणि वारा फिरला की ढग दुसरीकडून निघून जातो. आठ दिशांचे आठ आकडे एकाच क्षणी मिळणं ही चौक्यांची खरी ताकद असते, ती गाडीला येत नाही.

कामिहातोरीची चौकी

फुताबा गावातल्या कामिहातोरी इथे, केंद्रापासून ५.६ किलोमीटर वायव्येला, प्रांताची एक चौकी होती. १२ मार्चला दुपारी ३ वाजता तिने तासाला १,५९० मायक्रोसिव्हर्ट नोंदवले. केंद्राच्या हद्दीवर त्या दुपारी गाडीने मोजलेल्या आकड्यापेक्षाही हा जास्त. स्फोट ३.३६ चा, म्हणजे हा आकडा स्फोटाच्या आधीचा आहे. दुपारी पहिल्या भट्टीच्या कवचातली वाफ बाहेर सोडण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांच्याशी तो जोडला जातो.

चौकी चालू होती. डिटेक्टर शाबूत होता, मोजणी बरोबर होती, आणि आकडा चौकीतल्या मेमरीत नीट साठवला गेला होता. तो ऐकणारं मात्र कोणी नव्हतं, कारण बाहेर जाणारा दुवा तुटला होता. प्रशासनाने नंतर चौक्यांमधल्या नोंदी काढल्या आणि २०१२ मध्ये त्या जाहीर झाल्या. तेव्हा जगाला हा आकडा कळला.

१० किलोमीटरच्या परिसरातल्या लोकांना बाहेर पडण्याचा आदेश त्या दिवशी पहाटे ५.४४ लाच निघाला होता, त्यामुळे चौकी बोलली असती तर सगळं बदललं असतं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण आदेश निघणं आणि माणसं निघणं यात तास जातात. जे अजून वाटेत होते त्यांना कोणत्या दिशेला नेऊ नये, हे सांगणारा प्रत्यक्ष आकडा त्या पेटीत बंद होता. वायव्येचं महत्त्व पुढे आणखी वाढलं. १५ मार्चला संध्याकाळी पाऊस आणि बर्फाबरोबर किरणोत्सर्ग त्याच दिशेला खाली आला. रात्री पावणेनऊच्या सुमारास, केंद्रापासून २० किलोमीटरवर, नामिए गावाच्या हद्दीत शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयाच्या गाडीने ३३० मायक्रोसिव्हर्टपर्यंत आकडे मोजले. स्थिर चौक्यांचं जाळं बोलत असतं तर या दिशेची शंका तीन दिवस आधी आली असती.

या प्रकरणातली मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट हीच. जे उपकरण आपलं काम चोख करतं, त्याच्यावर खर्च झालेला प्रत्येक पैसा एका तारेमुळे वाया जातो.

अंगावरची उपकरणं

३२० डोसिमीटर आणि शेकडो कामगार. पर्याय तीन होते: कामं कमी करायची, दुसऱ्या केंद्रांतून मागवायचे आणि येईपर्यंत थांबायचं, किंवा एका गटाला एक डोसिमीटर द्यायचा. तिसरा निवडला गेला. गटप्रमुखाच्या अंगावर डोसिमीटर, आणि त्याचा आकडा सगळ्या गटाचा आकडा.

एकाच खोलीत, एकाच अंतरावर, सारखा वेळ काम असेल तर हे चालून जातं. पण फुकुशिमात ढिगारे होते, पाणी साठलं होतं, दोन पावलांवर डोस दर कित्येक पटींनी बदलत होता. तिथे एका माणसाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर टाकणं म्हणजे अंदाजाला मोजमाप म्हणणं. ही पद्धत मार्चअखेरपर्यंत चालली. टीका झाल्यावर १ एप्रिलपासून प्रत्येकाला डोसिमीटर मिळू लागला. पहिले दोन-तीन दिवस हा निर्णय समजू शकतो. तीन आठवडे तो का टिकला, याचं समर्थन मला करता येत नाही. तात्पुरती सवलत देताना ती संपण्याची तारीख लिहिली नाही की ती कायमची होऊन बसते.

होल बॉडी काउंटरची अडचण वेगळीच होती. ते चालले असते, पण आसपासचा किरणोत्सर्ग इतका वाढला होता की शरीरातला बारीक संकेत त्यात बुडून जाई, आणि केंद्रातले काउंटर वापरता आले नाहीत. शरीराच्या आतला डोस कळायला त्यामुळे उशीर झाला. ज्या सहा कर्मचाऱ्यांचा डोस आपत्कालीन २५० मिलिसिव्हर्टच्या मर्यादेपलीकडे गेला, त्यांच्यात सर्वाधिक ६७८ मिलिसिव्हर्टचा होता. त्यातला बहुतांश भाग श्वासावाटे आत गेलेल्या आयोडीनचा होता, म्हणजे छातीवरच्या डोसिमीटरला कधीच न दिसणारा.

आणि मग २४ मार्च. तिसऱ्या भट्टीच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात तिघे कंत्राटी कामगार केबल टाकत होते. आदल्या दिवशी तिथली पाहणी झाली होती, तेव्हा पाणी जवळपास नव्हतं आणि डोस दर कमी होता. २४ तारखेला पायाखाली पाणी होतं. दोघांच्या पायात साधे बूट होते, पाणी आत शिरलं. त्यांच्या डोसिमीटरचा गजर वाजला. त्यांना वाटलं डोसिमीटर बिघडला आहे, कारण काल तर इथे काही नव्हतं. ते काम करत राहिले. नंतर मोजलं तेव्हा पाण्याच्या पृष्ठभागापाशी तासाला ४०० मिलिसिव्हर्ट होते. तिघांचा डोस १७० ते १८० मिलिसिव्हर्टच्या आसपास भरला. दोघांच्या पायांच्या कातडीचा सुरुवातीचा अंदाज २ ते ६ सिव्हर्टचा होता. ते काही दिवसांनी रुग्णालयातून घरी गेले.

इथे उपकरण पूर्ण बरोबर होतं. तुटलेली कडी विश्वासाची होती. पण याचा दोष त्या तिघांच्या माथी मारून मोकळं होणं मला पटत नाही. आदल्या दिवशीचा आकडा त्यांना कामाच्या सूचनेत मिळाला होता. आजचा आकडा घ्यायला किरणोत्सर्ग संरक्षणाचं कोणी बरोबर नव्हतं. हातात दोन माहित्या होत्या, एक कार्यालयातून आलेली आणि एक छातीवर वाजणारी, आणि माणूस कार्यालयाच्या माहितीवर विसंबला. ज्या कामाच्या जागी खोटे गजर वारंवार वाजतात, तिथे हेच होतं. म्हणून गजराची देखभाल म्हणजे फक्त तो वाजतो का हे पाहणं नव्हे. तो विनाकारण किती वेळा वाजतो याची नोंद ठेवणं, आणि प्रत्येक विनाकारण गजराचं कारण शोधून काढणं, हाही त्याच देखभालीचा भाग आहे. गजर वाजला की आधी बाहेर यायचं, खरं-खोटं नंतर ठरवायचं, हा नियम इतका साधा असावा की त्यावर विचार करावा लागू नये.

२७ मार्चचा आकडा

तीन दिवसांनी दुसऱ्या भट्टीच्या टर्बाइन इमारतीतल्या पाण्यात नेहमीच्या भट्टीतल्या पाण्याच्या एक कोटी पट किरणोत्सर्ग असल्याचं केंद्र चालवणाऱ्या टेप्को कंपनीने जाहीर केलं आणि जगभर मथळे झाले. आकडा मुख्यतः आयोडीन-१३४ चा होता. रात्री तो मागे घेतला गेला. एक लाख पट असा सुधारित आकडा आला.

आयोडीन-१३४ चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा वेळ, ५३ मिनिटांचं. भट्ट्या बंद होऊन सोळा दिवस झाले होते, म्हणजे चारशेहून जास्त अर्धायुष्यं. त्या वेळचा आयोडीन-१३४ पाण्यात शिल्लक असणं शक्यच नव्हतं. कागदाच्या कपट्यावर होणारी ही पडताळणी आकडा बाहेर जाण्याआधी झाली असती, तर त्या दिवसाचा गोंधळ टळला असता. दमलेल्या माणसाने केलेली मोजणी दुसऱ्या माणसाने तपासायची, ही रीत शांत दिवसांत पाळली जाते आणि गरजेच्या दिवशी गळते.

नंतर काय केलं

चौक्या टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू झाल्या, पण त्यांच्यापुढे नवा प्रश्न होता. आजूबाजूची माती आणि झाडं स्वतःच किरणोत्सर्गी झाली होती. चौकी जुन्या साठ्याचाच आकडा दाखवत राहिली तर नवी गळती त्यात दिसणार कशी? फेब्रुवारी ते एप्रिल २०१२ मध्ये दुसऱ्या ते आठव्या चौकीभोवतीची झाडं तोडली, वरची माती काढली, आडोशाच्या भिंती उभारल्या. मापनाच्या दृष्टीने हे बरोबर आहे, कारण चौकीचं काम बदल पकडण्याचं आहे. पण बाहेरच्या माणसाला हे आकडा कमी दाखवण्याची युक्ती वाटू शकते. कंपनीने या कामाची तारखांसकट टीप आपल्या आकड्यांच्या तक्त्याखाली छापली. ही छोटी गोष्ट मला मोलाची वाटते.

जुलै २०१३ पासून लागू झालेल्या जपानच्या नव्या सुरक्षा निकषांत केंद्रांच्या चौक्यांना पर्यायी वीज आणि संदेशवहनाचे एकाहून अधिक मार्ग आवश्यक झाले. तुटलेल्या दोन कड्या नियमात आल्या.

तिसरी कडी, मोजण्याच्या मर्यादेची, त्याच वर्षी पुन्हा तुटली. ऑगस्ट २०१३ मध्ये दूषित पाण्याच्या एका टाकीतून ३०० टन पाणी गळाल्याचं आढळलं. टाक्या तपासताना एका जागी तासाला १०० मिलिसिव्हर्ट असा आकडा आला आणि तोच नोंदवला गेला. वापरलेल्या मीटरची कमाल मर्यादा १०० मिलिसिव्हर्टच होती. ३१ ऑगस्टला मोठ्या क्षमतेचं मीटर नेलं तेव्हा तिथेच १,८०० निघाले. त्यातला बहुतांश बीटा किरणोत्सर्ग होता, तो थोड्या अंतरावर झपाट्याने कमी होतो, त्यामुळे १,८०० हा आकडा ऐकायला वाटतो तसा सगळ्या शरीराला लागू नव्हता. पण शंभरावर टेकलेला काटा म्हणजे शंभर असं लिहिणं ही चूक राहतेच. तिथे ‘किमान १००, मीटरची मर्यादा संपली’ असंच लिहायला हवं. काही गायगर मीटर तर तीव्र क्षेत्रात इतके गुदमरतात की आकडा वर टेकण्याऐवजी खाली येतो. हे माहीत नसलेला माणूस धोक्याच्या जागेला सुरक्षित समजेल.

आपल्या किनाऱ्यावरून पाहताना

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमासारख्या उकळत्या पाण्याच्याच प्रकारच्या, जनरल इलेक्ट्रिकच्या, आणि ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू केलेल्या. फुकुशिमाचं पहिलं युनिट त्यानंतर, मार्च १९७१ मध्ये आलं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत कल्पाक्कमला समुद्राचं पाणी पंपघरात शिरलं आणि चालू भट्टी बंद करावी लागली. जैतापूरचा प्रकल्पही किनाऱ्यावरच आखलेला आहे. त्यामुळे हे प्रश्न आपल्याला परके नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या देशव्यापी पर्यावरणीय मापन जाळ्यात सौरऊर्जेवर चालणारे आणि मोबाइल नेटवर्कवरून आकडे पाठवणारे मापक वापरले जातात. केंद्राच्या विजेवरचं अवलंबित्व त्यात सुटतं. पण चक्रीवादळात टॉवर पडला तर काय, हा प्रश्न उरतो.

कोकणात आणखी एक शत्रू आहे, दमट हवा. सोडियम आयोडाइडचा स्फटिक ओल शोषतो; त्याच्या आवरणाला बारीकशी भेग गेली तरी तो पिवळा पडत जातो आणि संकेत मंदावतो. आयनीकरण कक्षाचा प्रवाह इतका सूक्ष्म असतो की कनेक्टरवर जमलेली ओल किंवा मिठाचा थर त्याच्या बरोबरीची गळती निर्माण करू शकतो. अशा वेळी चौकी बंद पडत नाही, खोटं बोलू लागते, आणि ते बंद पडण्यापेक्षा वाईट. पावसाळ्याआधी आणि नंतर सीझियम-१३७ च्या तपासणी स्रोताने प्रतिसाद घेऊन दोन्ही आकडे शेजारी लिहिले, तर हा घसारा दिसतो. स्रोताचं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचं, म्हणजे तो स्वतः वर्षाला दोन टक्क्यांहून थोडा जास्त क्षीण होतो. हे वजा करायला विसरलं की चांगल्या डिटेक्टरवर उगाच संशय येतो.

पुन्हा संधी मिळाली तर

सरावाच्या दिवशी चौकीची मुख्य वीज प्रत्यक्ष काढावी आणि बॅटरी संपेपर्यंत थांबावं. पुस्तकात लिहिलेले तास आणि खरे तास यांत फरक किती, ते तेव्हाच कळतं. संदेशवहनाची तार काढून पाहावी आणि मग चौकीजवळ माणूस पाठवून मेमरीतला आकडा काढून आणायला किती वेळ लागतो, हे मोजावं. कामिहातोरीच्या चौकीपाशी दर दोन-तीन तासांनी कोणी जाऊन आकडा वाचणं त्या दिवशी शक्य नव्हतं. पण तेच कारण आहे की चौकीच्या बाहेरच्या बाजूला, दार न उघडता, गाडीतून वाचता येईल असा मोठ्या अंकांचा पडदा असावा. आणि डोसिमीटरचा एक पूर्ण संच, त्याच्या चार्जरसकट, केंद्राच्या सखल भागापासून दूर, उंचावरच्या इमारतीत ठेवावा. फुकुशिमात भूकंपरोधक नियंत्रण इमारत उंचावर होती, जुलै २०१० पासून वापरात होती आणि शेवटपर्यंत उभी राहिली. डोसिमीटरचा तो संच तिथल्या एका कपाटात मावला असता.